टॉक्सिन म्हणजे नक्की काय, आणि ‘शरीरातली टॉक्सिन्स’ म्हणजे कोणती?

प्रश्न असा आहे: टॉक्सिन म्हणजे विषच ना? मग सापाचं विष, जंतूंचं विष, कीटकनाशक, शहरातली धुरकट हवा, ‘डीटॉक्स’चा रस आणि ‘टॉक्सिक’ साहेब या सगळ्यांना एकच शब्द कसा चालतो? आणि ‘शरीरातली टॉक्सिन्स बाहेर टाका’ असं जे सांगतात, ती टॉक्सिन्स नेमकी कोणती?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: ते सांगणाऱ्यालाच विचारा. मी टाळाटाळ करत नाहीये. औषधशास्त्र शिकवणं आणि विषबाधेचे रुग्ण पाहणं हे माझं काम. या कामात कुणी ‘टॉक्सिन’ म्हटलं की आम्ही लगेच विचारतो: नाव काय, आलं कुठून, किती गेलंय, आणि शरीरात नेमकं कुठे जाऊन लागतं? खऱ्या टॉक्सिनच्या बाबतीत यांची उत्तरं असतात, निदान शोधता तरी येतात. ज्याला नाव नाही, मात्रा नाही आणि जे कुठल्याच तपासणीत दिसत नाही, ते टॉक्सिन बहुतेक वेळा जाहिरातीतलं असतं.

आता शास्त्रीय अर्थ. टॉक्सिन म्हणजे सजीवाने तयार केलेलं विष. तो सजीव जिवाणू असेल, बुरशी असेल, शैवाल, झाड, किडा, साप, मासा, कुणीही. एवढी एक अट लावली की पुष्कळ गोंधळ मिटतो. शिसं, पारा, आर्सेनिक ही खनिजं आहेत. कार्बन मोनॉक्साइड हा ज्वलनातून निघणारा वायू आहे. कीटकनाशकं कारखान्यात बनतात. ही सगळी माणसाला मारू शकतात, पण काटेकोर अर्थाने यांतलं एकही टॉक्सिन नाही. यांना विष म्हणा, विषारी रसायन म्हणा. माणसाने बनवलेल्या किंवा माणसामुळे पर्यावरणात पसरलेल्या विषारी पदार्थांसाठी विषविज्ञानात ‘टॉक्सिकंट’ असा वेगळा शब्द आहे, पण तो वर्गाबाहेर फारसा पोचला नाही.

या व्याख्येतून एक गंमत निघते. काटेकोर अर्थाने प्रत्येक टॉक्सिन ‘नैसर्गिक’ असतं. त्यामुळे ‘शंभर टक्के नैसर्गिक, म्हणून टॉक्सिन-फ्री’ असं एखाद्या डबीवर वाचलं की आम्हा लोकांना हसू येतं. एरंडाच्या बीमधलं रायसिन, गुंजेच्या बीमधलं अ‍ॅब्रिन, शेंगदाण्यावर आणि मक्यावर वाढणाऱ्या बुरशीतली अफलाटॉक्सिनं, सगळी अस्सल निसर्गाची निर्मिती आहे. (एरंडेल तेलाला घाबरू नका. रायसिन हे पाण्यात विरघळणारं प्रथिन आहे, ते तेलात उतरत नाही. चोथ्यात राहतं.)

मूळ ग्रीक शब्द धनुष्याशी जोडलेला आहे. ‘टॉक्सॉन’ म्हणजे धनुष्य, आणि बाणाच्या टोकाला लावायचं विष ते ‘टॉक्सिकॉन’. ‘टॉक्सिन’ हा शास्त्रीय शब्द मात्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, जंतुशास्त्राच्या ऐन बहरात रूढ झाला. आपल्याकडे आयुर्वेदाने विषांचे स्थावर आणि जंगम असे दोन मोठे गट केले, आणि माणसाने मिसळून तयार केलेलं ते ‘गर’. जंगम म्हणजे प्राण्यांपासूनचं, स्थावर म्हणजे वनस्पती आणि खनिजांपासूनचं. आजची टॉक्सिनची रेघ या वर्गीकरणावर ओढली तर जंगम सगळं आत येतं, स्थावरातल्या वनस्पती आत येतात आणि खनिजं बाहेर राहतात. जंतू त्या काळी दिसतच नव्हते, त्यामुळे सर्वांत जहाल मंडळी त्या यादीत नाहीत.

मराठीत टॉक्सिनला ‘जीवविष’ म्हणतात, जंतूंपासूनचं असेल तर ‘जंतुविष’. दोन्ही शब्द अर्थाला धरून आहेत आणि मला आवडतात, पण बोलताना कुणी वापरत नाही. मीही नाही. मात्र मराठीत दोन शब्द असे आहेत जे इथे हमखास फसवतात. पहिला ‘विषाणू’. त्यात ‘विष’ आहे म्हणून लोकांना वाटतं की फ्लूचा विषाणू अंगात विष सोडतो. तसं नसतं. लॅटिनमधल्या ‘व्हायरस’चा जुना अर्थ विष असा होता आणि आपण तोच मराठीत आणला. विषाणू पेशीत शिरून तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. एखाददुसरा अपवाद सोडला तर टॉक्सिन तयार करणं हे त्याचं काम नव्हे, ते जिवाणूंचं. दुसरा शब्द ‘विषमज्वर’, म्हणजे टायफॉइड. तिथे विष नाहीच, ‘विषम’ आहे.

जिवाणूंची टॉक्सिन्स हा या विषयाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

घटसर्पाचा, म्हणजे डिप्थेरियाचा, जंतू घशात बसतो, तिथून फारसा हलत नाही. तरीही रुग्णाचं हृदय निकामी होतं, मज्जातंतू लुळे पडतात. जंतू इथे आणि नासधूस तिथे, हे कसं? १८८८ साली पॅरिसमध्ये एमिल रू आणि अलेक्झांडर येर्सिन यांनी या जंतूंची वाढ केलेला द्रव गाळणीतून गाळला. गाळलेल्या द्रवात एकही जंतू उरला नव्हता, तरी तो टोचल्यावर प्राण्यांना तोच आजार झाला. म्हणजे मारणारी गोष्ट जंतूने बाहेर सोडलेली होती. पुढे कळलं की हे टॉक्सिन पेशीतली प्रथिनं बनवण्याची यंत्रणाच बंद पाडतं, आणि त्याचा एक रेणू एक पेशी मारायला पुरतो. त्यातही मजा अशी की हे टॉक्सिन बनवायचा जनुक त्या जंतूचा स्वतःचा नसतोच. जंतूला लागण करणाऱ्या एका विषाणूकडून तो त्याला मिळालेला असतो. तो विषाणू नसेल तर घटसर्पाचा जंतू बहुतांशी गरीब.

पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची कथा आपल्या जवळची आहे. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने १८८४ मध्येच अंदाज बांधला होता की हा जंतू काहीतरी विष सोडत असावा. पण ते सिद्ध व्हायला पाऊणशे वर्षं गेली आणि ते केलं कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी. सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात जंतूविरहित, गाळलेला द्रव सोडला तर आतड्यात पाणी साचतं, हे त्यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलं. कॉलऱ्याचं टॉक्सिन आतड्याच्या पेशी मारत नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. ते पेशीतला एक स्विच चालू अवस्थेत अडकवून ठेवतं. मग क्लोराइड बाहेर पडत राहतं, त्याच्या मागोमाग पाणी, आणि माणूस काही तासांत सुकून जातो. पण साखर आणि मीठ एकत्र शोषून घेण्याची पेशीतली वाट शाबूत राहते. मीठ-साखर-पाण्याचं द्रावण जीव वाचवतं ते याच वाटेने. टॉक्सिन कुठे लागतं आणि कुठे लागत नाही, हे कळलं की उपचार सापडतो. याहून चांगलं उदाहरण मला वर्गात दुसरं मिळालेलं नाही.

धनुर्वात आणि बॉट्युलिझम (बहुधा नीट न टिकवलेल्या डबाबंद अन्नातून होणारी विषबाधा) ही जोडी तर विलक्षण. दोन्हींचे जंतू एकाच कुळातले, दोघांची टॉक्सिन्स कात्रीसारखी. मज्जातंतूच्या टोकाशी रासायनिक निरोप बाहेर सोडायला जी प्रथिनं लागतात त्यांतलं एक ती कापतात. धनुर्वाताचं टॉक्सिन आणि बॉट्युलिनमचा, म्हणजे बॉट्युलिझमच्या टॉक्सिनचा, ‘बी’ हा प्रकार तर त्या प्रथिनाला नेमक्या एकाच जागी कापतात. तरीही धनुर्वातात रुग्ण आकडीने ताठ होतो, जबडा घट्ट मिटतो, आणि बॉट्युलिझममध्ये सगळे स्नायू लुळे पडतात. कारण जागा वेगळी. बॉट्युलिनम स्नायूपाशीच थांबतं आणि ‘आकुंचन पाव’ हा निरोप अडवतं. धनुर्वाताचं टॉक्सिन मज्जातंतूतून उलटं चढत मज्जारज्जूपर्यंत जातं आणि तिथे ‘पुरे, आता थांब’ हा निरोप अडवतं.

आणि मात्रा? सुमारे ७० किलो वजनाच्या माणसाच्या रक्तात थेट गेलं तर बॉट्युलिनमचा एका मायक्रोग्रॅमचा दहावा हिस्साही जीव घेऊ शकतो, असा अंदाज आहे. पोटॅशियम सायनाइडला त्यासाठी दोन-तीनशे मिलिग्रॅम लागतात. धनुर्वाताचं टॉक्सिनही याच पंक्तीतलं आहे. म्हणूनच धनुर्वात होऊन बरा झालेल्या माणसालाही लस द्यावी लागते. आजार व्हायला पुरेल एवढं टॉक्सिन इतकं थोडं असतं की शरीराच्या संरक्षणयंत्रणेला त्याची ओळखच पटत नाही. गोवर एकदा झाला की पुन्हा सहसा होत नाही. धनुर्वाताचं तसं नाही, आणि हे सुशिक्षित माणसांनाही ठाऊक नसतं.

लस म्हणजे काय देतात, तर ‘टॉक्सॉइड’. टॉक्सिनवर फॉर्मॅलिनची प्रक्रिया करून त्याचा विषारीपणा घालवतात, पण त्याचा चेहरामोहरा तसाच ठेवतात. शरीर त्या चेहऱ्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. फ्रान्सच्या गास्ताँ रामाँ यांनी १९२० च्या दशकात ही पद्धत बसवली, आणि लहान मुलांच्या त्रिगुणी लशीतले घटसर्प आणि धनुर्वात हे दोन घटक आजही टॉक्सॉइडच आहेत. ‘लशीत टॉक्सिन असतं’ असा जो निरोप फिरत असतो, त्याच्या मुळाशी ही अर्धवट ऐकलेली गोष्ट आहे. टॉक्सिन आणि टॉक्सॉइड यांत शेवटच्या दोन अक्षरांचा फरक आहे आणि तोच सगळा फरक आहे. तयार टॉक्सिनविरोधी प्रतिपिंडं टोचतात तेव्हा त्याला ‘अँटिटॉक्सिन’ म्हणतात. वैद्यकाचं पहिलं नोबेल १९०१ मध्ये एमिल फॉन बेहरिंग यांना मिळालं ते घटसर्पावरच्या याच उपचारासाठी.

वर सांगितली ती जंतू बाहेर सोडतात अशी टॉक्सिन्स, म्हणून ‘एक्झोटॉक्सिन’. ‘एंडोटॉक्सिन’ वेगळं. तो काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणाचाच भाग असतो आणि जंतू फुटला की सुटतो. ते उष्णतेला दाद देत नाही. सलाईनच्या बाटलीतले सगळे जंतू मारले तरी त्यांच्या आवरणाचे तुकडे उरले असतील तर रुग्णाला थंडी वाजून सणकून ताप येऊ शकतो. निर्जंतुक असणं आणि टॉक्सिनमुक्त असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून शिरेतून द्यायच्या प्रत्येक औषधाची एंडोटॉक्सिनसाठी निराळी तपासणी होते. कित्येक दशकं ही तपासणी नालखेकड्याच्या निळ्या रक्तापासून केलेल्या द्रवाने होत आली आहे.

प्राण्यांच्या विषाबद्दल थोडक्यात. मराठीत खाल्ल्याने बाधणारं ते विष आणि दंशातून टोचलं जातं तेही विष. जीवशास्त्रात या दोन वेगळ्या गोष्टी. टोचलं जाणारं ते ‘व्हेनम’, आणि ते एकच एक टॉक्सिन नसून अनेक टॉक्सिन्स आणि विकरांचं मिश्रण असतं. नाग आणि मण्यार यांच्या विषात मज्जासंस्थेवर घाला घालणारी टॉक्सिन्स वरचढ असतात, तर घोणस आणि फुरसे यांच्या विषात रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडवणारी. फुगा माशाच्या शरीरातलं टेट्रोडॉटॉक्सिन टोचलं जात नाही, खाल्लं जातं. ते मासा स्वतः बनवत नाही, जिवाणूंकडून त्याच्यात येतं. ऱ्हॅब्डोफिस वंशातले काही साप दोन्ही बाजूंनी तयारीचे: दातात स्वतःचं विष, आणि मानेच्या ग्रंथीत खाल्लेल्या बेडकांकडून साठवलेलं.

याच विषांतून औषधंही निघाली. रक्तदाबावरचं कॅप्टोप्रिल ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून आलं. समुद्री शंखगोगलगायीच्या टॉक्सिनवरून झिकोनोटाइड हे वेदनाशामक आलं. आणि बॉट्युलिनम? आधी तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी अमेरिकेत १९८९ मध्ये त्याला मान्यता मिळाली, २००२ मध्ये कपाळावरच्या आठ्यांसाठी. जगातलं सर्वांत जहाल टॉक्सिन लोक हौसेने कपाळात टोचून घेतात, ते मात्रेच्या भरवशावर. पॅरासेल्सस या स्विस वैद्याने सोळाव्या शतकात म्हटलं होतं की सगळंच विष आहे, मात्रा तेवढी ठरवते. विषविज्ञानाची पहिली ओळ आजही तीच.

आता बोलीतला वापर. इथे मी फार कडक नाही. डॉक्टर स्वतःच या शब्दाशी सैल वागतात. ‘न्यूरोटॉक्सिन’ (मज्जासंस्थेला बाधणारं), ‘हेपॅटोटॉक्सिन’ (यकृताला बाधणारं) असे जोडशब्द आम्ही सरसकट वापरतो आणि त्यांत शिसंही येतं, औषधंही येतात. तिथे ‘सजीवाने बनवलेलं’ ही अट सोडून दिलेली असते. वॉर्डात ‘हे मूल टॉक्सिक दिसतंय’ असं कुणी म्हटलं तर त्याचा अर्थ मुलाने विष घेतलंय असा नाही. मूल मलूल आहे, रंग उडालाय, संसर्ग रक्तात पसरला असावा, ताबडतोब बघा, असा तो इशारा असतो.

वैद्यकाने या शब्दाचा मोठा गैरवापरही केलेला आहे, हे जाहिरातवाल्यांना नावं ठेवण्याआधी कबूल करायला हवं. गरोदरपणात रक्तदाब वाढून सूज आणि झटके येतात, त्या आजाराला पूर्वी ‘टॉक्सेमिया’ म्हणत. कल्पना अशी की आईच्या रक्तात काहीतरी टॉक्सिन फिरत असावं. शोध शोध शोधलं, तसं टॉक्सिन सापडलं नाही. नाव बदलून प्री-एक्लॅम्प्सिया झालं. जुन्या पिढीच्या तोंडी अजून ‘टॉक्सेमिया’ येतो.

त्याहून मोठा प्रकार ‘ऑटोइन्टॉक्सिकेशन’चा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नामांकित डॉक्टर मानत होते की मोठ्या आतड्यात साठलेल्या मळातली विषं रक्तात शोषली जातात आणि डोकेदुखी, थकवा, उदासी हे सगळं त्यातून येतं. लंडनचे प्रसिद्ध शल्यविशारद आर्बथनॉट लेन यांनी तर बद्धकोष्ठासाठी रुग्णांची मोठी आतडी काढून टाकली. १९१९ मध्ये अमेरिकेच्या वॉल्टर अल्वारेझ यांनी एक साधा मुद्दा मांडला. शौचाला झाल्याबरोबर या लोकांना बरं वाटतं. रक्तात भिनलेलं विष असतं तर ते असं क्षणात उतरलं नसतं. दारू प्यायलेल्याची बाटली काढून घेतली म्हणून त्याची नशा लगेच उतरते का? त्रास होता तो ताणलेल्या आतड्यातून मज्जातंतूंमार्फत येणाऱ्या संवेदनांचा. वैद्यकाने ती कल्पना तेव्हाच सोडली. ‘कोलन क्लेन्झ’च्या रूपाने ती आजही विकली जाते.

म्हणजे आजचा ‘डीटॉक्स’ ही काही नवी टूम नाही. ब्रिटनमध्ये २००९ साली तरुण संशोधकांनी असं सामान विकणाऱ्यांना सरळ विचारून पाहिलं की तुमच्या उत्पादनाने कोणतं टॉक्सिन जातं. ठोस उत्तर मिळालं नाही. मग तीन दिवस रस पिऊन हलकं का वाटतं? दारू, जड जेवण आणि जागरण बंद झालेलं असतं. यकृत आणि स्नायूंत साठवलेली साखर संपते आणि तिच्यासोबत धरून ठेवलेलं पाणीही जातं, म्हणून काट्यावर वजन उतरतं. यात टॉक्सिनचा काही संबंध नाही. घामाबद्दलही तेच. घाम जवळजवळ सगळा पाणी आणि मीठ असतो, अंग थंड ठेवणं हे त्याचं काम. काही पदार्थ अत्यल्प प्रमाणात त्यातून निघतात, पण घाम काढणं म्हणजे विष काढणं हे गणित जमत नाही. उलट पालेभाज्यांच्या रसाचा अतिरेक करून ऑक्झलेटमुळे मूत्रपिंडं बिघडल्याचे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत.

‘मग शरीरात विषारी द्रव्यं तयार होतच नाहीत का?’ होतात, आणि त्यांना नावंही आहेत. प्रथिनं मोडल्यावर अमोनिया तयार होतो, तो मेंदूला घातक असतो. यकृत त्याचं युरिया करतं, मूत्रपिंड तो बाहेर टाकतं. जुन्या तांबड्या पेशी मोडून बिलिरुबिन निघतं, ते पित्तातून जातं. ही कामं रोज, न थांबता, कुणी काही न पिता चालू असतात. मूत्रपिंडं निकामी झाली की जे साठतं त्याला आम्ही ‘युरेमिक टॉक्सिन्स’ म्हणतो आणि तिथे हा शब्द अगदी योग्य आहे. अशा शंभराहून अधिक पदार्थांची नावं माहीत आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांची पातळी मोजता येते आणि डायलिसिसने ती किती उतरली तेही कळतं. यकृत किंवा मूत्रपिंड निकामी झाल्यावर डोळे पिवळे होतात, शुद्ध हरपते, सूज येते. आळस आणि तोंडावरची मुरमं ही त्याची लक्षणं नव्हेत.

आयुर्वेदातल्या ‘आम’ या शब्दाचं भाषांतर हल्ली सर्रास ‘टॉक्सिन’ असं करतात. माझ्या मते ते दोन्हीकडून चुकतं. आम ही न पचलेल्या अन्नरसाची, मंद अग्नीशी जोडलेली संकल्पना आहे आणि तिचा अर्थ त्या शास्त्राच्या चौकटीत लागतो. तिला टॉक्सिन म्हटलं की ती रक्ततपासणीत सापडायला हवी अशी अपेक्षा तयार होते, आणि टॉक्सिन या शब्दाचा नेमकेपणाही जातो. ‘आम’ला ‘आम’च म्हणावं.

‘टॉक्सिक’ नातं, ‘टॉक्सिक’ ऑफिस हा वापर मला खटकत नाही. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशकारांनी ‘टॉक्सिक’ हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला, तो या सगळ्या अर्थांसाठी. मराठीला ही उपमा नवी नाही. आपण कुणाबद्दल गरळ ओकतो, कुणाचे कान भरून मन विषारी करतो. फक्त एवढं पाहावं की न पटणाऱ्या प्रत्येक माणसाला ‘टॉक्सिक’ म्हटलं तर खरोखर छळणाऱ्याला म्हणायला शब्द उरत नाही. आणि व्याकरणाचं एक: ‘टॉक्सिन’ हे नाम आहे, ‘टॉक्सिक’ विशेषण. ‘तो माणूस टॉक्सिन आहे’ असं लिहू नये.

रोजच्या व्यवहारात या शब्दाचा सर्वांत उपयोगी अर्थ अन्नाच्या बाबतीत आहे. ‘विषबाधा’ अशी बातमी येते तेव्हा ती दोन प्रकारची असू शकते. एक, अन्नात जंतूंनी टॉक्सिन आधीच तयार करून ठेवलेलं असतं. मग खाल्ल्यापासून अर्ध्या तास ते सहा-आठ तासांत उलट्या सुरू होतात, ताप सहसा नसतो. दोन, अन्नाबरोबर जिवंत जंतू पोटात जाऊन वाढतात. त्याला वेळ लागतो, बहुधा दुसऱ्या दिवशी किंवा नंतर जुलाब आणि ताप येतो. पहिल्या प्रकारात प्रतिजैविकं देऊन उपयोग नसतो. ती जंतू मारतात, टॉक्सिन नाही.

इथेच ‘पुन्हा चांगलं उकळलं की झालं’ हा समज धोक्याचा ठरतो. स्टॅफिलोकॉकस जंतूचं टॉक्सिन उकळूनही टिकतं. शिजवून तासन्‌तास बाहेर राहिलेल्या अन्नात बॅसिलस सेरियस हा जंतू जे उलटीचं टॉक्सिन तयार करतो तेही टिकतं. दाण्यांवरच्या बुरशीचं अफलाटॉक्सिन नेहमीच्या शिजवण्याने जात नाही, आणि ते वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं तर यकृताच्या कर्करोगाचं सिद्ध कारण आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी गूढ आजाराने मेले, तेव्हा त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीतून हे टॉक्सिन सापडलं. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरात सीमेवरच्या गावांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. याउलट बॉट्युलिनम इतकं जहाल असूनही ८५ अंशांवर पाच मिनिटांत नष्ट होतं. उकळण्याला पुरून उरतात ते त्याच्या जंतूचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेली त्याची रूपं. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये ते याच बीजाणूंमुळे: मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजून तिथेच टॉक्सिन बनवू शकतात.

शेवटी खऱ्या डीटॉक्सबद्दल, म्हणजे रुग्णालयातल्या. पोटात गेलेलं विष शोषलं जाऊ नये म्हणून सक्रिय कोळसा देतात, तोही साधारण पहिल्या तासाभरातच कामाचा. पॅरासिटामॉलच्या गोळ्या मोठ्या संख्येने घेतल्या असतील तर एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हे औषध आठ तासांच्या आत सुरू केलं तर यकृत बहुतेक वाचतं. कीटकनाशकांतल्या ऑर्गॅनोफॉस्फेटवर अ‍ॅट्रोपिन, मिथेनॉलवर डायलिसिस, सर्पदंशावर प्रतिविष. धनुर्वाताचं अँटिटॉक्सिन रक्तात मोकळं फिरणारं टॉक्सिन पकडतं, मज्जातंतूत शिरलेलं त्याच्या हाती लागत नाही. प्रत्येक विषाला वेगळा उतारा आणि प्रत्येक उताऱ्याला घड्याळ लावलेलं.

म्हणून कुणाच्या पोटात काही गेल्याची शंका आली तर पाकीट, बाटली, उरलेल्या गोळ्या, चावलेलं पान, जे काही असेल ते सोबत आणा आणि किती वाजता, साधारण किती घेतलं ते सांगा. मीठपाणी पाजून किंवा घशात बोटं घालून उलटी करवू नका. अ‍ॅसिड किंवा रॉकेल गेलं असेल तर उलटीने घसा दुसऱ्यांदा भाजतो किंवा रॉकेल फुप्फुसात उतरतं. साप चावला असेल तर जखम कापू नका, चोखू नका, वर दोरी आवळून बांधू नका. साप मारून किंवा पकडून आणायची गरज नाही, लांबून फोटो मिळाला तर पुष्कळ झालं. चावलेला हात किंवा पाय हलू न देता, माणसाला न चालवता, प्रतिविष असलेलं जवळचं रुग्णालय गाठा.